बाबांची हरकत

११ फेब्रुवारी

बाबा,

कालच्या मतदानाचा निकाल तुम्हाला माझ्याआधी कळला असेलच. ठराव पास झाला. आपल्या चर्चमध्ये आता बायकांनाही पाळकपदाची दीक्षा मिळेल. ठरावाच्या विरोधातला अहवाल तुमच्या हातचा, म्हणजे आज तुमच्या घरी सुतक असणार. अशा दिवशी हे लिहू नये, हे मला कळतं. पण उशीर केला तर लपवल्यासारखं होईल, आणि लपवाछपवी आपल्या घरात कधी चालली नाही.

बाबा, मला पाळक व्हायचं आहे. बिशपांशी बोलणं झालं. हॉस्पिटलची नोकरी सोडून जुलैपासून शिकायला जाते आहे.

फोनवर सांगणार होते. पण फोनवर तुम्ही नुसतं "हं" म्हणता आणि तो "हं" कुठल्या जातीचा, ते मला आजवर ओळखता आलेलं नाही.

तुम्ही विचाराल, हे खूळ कधीपासून? इतकी वर्षं मी खिडकीतून औषधं देते आहे. माणसं गोळ्या घेतात आणि जात नाहीत. उभी राहतात. "ताई, याने बरं वाटेल ना?" असं विचारतात, आणि मागच्या रांगेतला कुणीतरी ओरडतो, "चला पुढे!" मला खिडकीच्या पलीकडे, त्या माणसांच्या बाजूला जाऊन उभं राहायचं आहे.

आणि दोष तुमचाही आहेच. जेवणाच्या टेबलावर मला बायबलचं ग्रीक कुणी शिकवलं? आई म्हणायची, पोरीला धड कांदा चिरता येत नाही पण क्रियापदं चालवता येतात. एवढं शिकवून, वाद घालते म्हणून ‘वकीलसाहेब’ नाव ठेवून, मी पुढे काय करावं अशी तुमची अपेक्षा होती?

रागावला असाल तर रागावलो असं लिहा. फक्त गप्प राहू नका.

तुमची
वकीलसाहेब

१९ फेब्रुवारी

चि. वकीलसाहेबांस बापाचे आशीर्वाद.

रागावलो नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. राग दोन दिवसांत उतरतो.

बाई पुरुषापेक्षा कमी, असं एक वाक्य माझ्या अहवालात शोधून दाखव, मी ते पान चावून खाईन. माझं म्हणणं वेगळं आहे. प्रभुभोजनाची ही भाकर आपली नाही. आपल्या हातात ती दुसऱ्याने ठेवली आहे. ती कुणी मोडायची आणि कुणी वाटायची, हे सगळ्या घराने मिळून ठरवायला हवं. एका खोलीतल्या माणसांनी हात वर करून ते ठरत नाही. घर अजून एका मताचं झालेलं नाही. शंभर वर्षांनी होईल कदाचित. मग मी चुकलो असं लोक म्हणतील, आणि मला त्याचा आनंदच होईल. पण आज मला पटत नाही, आणि न पटलेलं पटलं म्हणणं मला जमत नाही. याच खोडीपायी दोनदा बिशप व्हायचा राहिलो, हे तुला ठाऊक आहे. तुझी आई तेव्हा म्हणाली होती, बरं झालं, तो उंच मुकुट तुम्हाला शोभला नसता.

तू चांगली पाळक होशील. हे वाक्य लिहून मी बराच वेळ बघत बसलो. खोडत नाही, पण त्याचा अर्थ विचारू नकोस.

बाकी ठीक. जूनपासून कॉलेजात पाळक घडवणं सोडतो आहे. वय झालं, जिने चढवत नाहीत. रविवारी आपल्या छोट्या चर्चमध्ये उपासना घ्यायची, बाकी वेळ वाचायचं, असा बेत आहे.

तुझं ग्रीक कच्चं आहे. अडलं तर विचार. तेवढ्यात माझा धर्म बुडत नाही.

बाबा

२ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या भाचीचं तुला कळलंच असेल. ती आधी तुला सांगते आणि मग मला, हे मला तिच्या लहानपणापासून माहीत आहे.

तिला लिहिलं की जिने चढवत नाहीत म्हणून कॉलेज सोडतो. ते खोटं आहे. जिने मी अजून दोन-दोन पायऱ्या घेत चढतो. पण जुलैपासून वर्गात मुली येतील, दीक्षेची तयारी करायला. त्यांना ग्रीक शिकवेन, इतिहास शिकवेन. पण वेदीपुढे कसं उभं राहायचं, भाकर हातात कशी घ्यायची, हा माझा तास आहे, आणि तो तास त्यांना देणं मला शक्य नाही. प्राचार्य भला माणूस आहे. म्हणाला, "सर, तेवढा तास दुसरा कुणी घेईल." म्हटलं, नको. मुलींनी माझ्याकडे बघून मान खाली घालायची आणि मी त्यांच्याकडे बघून, असं किती दिवस चालणार?

दीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींत एक माझीही आहे. ती माझ्या कॉलेजात येत नाही, दुसरीकडे जाते आहे. मला त्रास नको म्हणून. तसं तिने लिहिलं नाही, पण मला समजलं.

ताई, एवढी वर्षं शेकडो पोरं तयार केली. काही ठोंबे होते. झोपाळू होते. एकाला तर प्रार्थना पाठ व्हायची नाही म्हणून मी त्याच्या बाहीत चिठ्ठी शिवून दिली. त्या सगळ्यांत हिच्याइतकं या कामाला लायक कुणी नव्हतं.

हे तिला सांगू नकोस.

तुझा धाकटा

२० मे

बाबा,

अभ्यास संपला, डीकन म्हणून, पाळकाच्या खालच्या पायरीवर, वर्षही संपलं. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मला पाळकपदाची दीक्षा मिळणार आहे.

तीन वर्षं आपण पत्रांतून फक्त ग्रीक बोललो. तुम्ही माझ्या चुका लाल शाईने गोल करून परत पाठवल्या, आणि मी त्या पानांवर तुमचं अक्षर बघत बसायचे. त्या विषयावर मी एक शब्द काढला नाही, तुम्हीही नाही. आता काढते.

तुम्ही येऊन बसावं असं वाटतं. इतर पाळकांबरोबर माझ्या डोक्यावर हात ठेवायला नको, पुढे यायला नको, भाकर घ्यायला नको. नुसतं बसायचं. आई असती तर पहिल्या बाकावर बसून सगळ्यांना सांगत सुटली असती. तिच्या वाटची जागा रिकामी आहे, ती तरी रिकामी राहू नये.

येताय ना?

तुमची
वकीलसाहेब

४ जून

चि. वकीलसाहेबांस,

येणं होणार नाही. पाय सुजतात, इतका प्रवास झेपायचा नाही. डॉक्टरांनीही मना केलं आहे.

त्या दिवशी तुझी आठवण काढेन.

बाबा

८ जुलै

अरे शहाण्या,

दीक्षा झाली. मी गेले होते. या वयात गाडीत बसून, कंबर मोडून गेले. तुझी लेक पांढरा झगा घालून उभी होती आणि तुझ्यासारखीच मान तिरकी करून ऐकत होती. मला एकदा वाटलं तूच उभा आहेस, केस वाढवून.

पाय सुजले म्हणे! तुझ्या शेजारच्या डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, सर रोज टेकडीवर फिरायला जातात, काल आमच्या कुत्र्यालाही घेऊन गेले. जन्मभर खरं बोलायचं म्हणून ज्याने-त्याने दिलेलं पद लाथाडलंस, आणि पोटच्या पोरीला थाप मारतोस? तीही इतकी फालतू?

ती काही बोलली नाही. उपासना संपल्यावर लोक फोटो काढत होते, तेव्हा दोनदा दाराकडे बघितलं तिने. मी विचारलं, कुणाची वाट बघतेस? म्हणाली, "छे गं, ऊन किती आहे बघत होते." तिला वाटतंय तुला तिची लाज वाटते. मी म्हटलं तसं नसेल. पण मग कसं आहे, ते मला सांगता येईना. कारण मलाही माहीत नाही.

तुझी पुस्तकं मी कधी वाचली नाहीत. पहिलं पान उघडलं की मला झोप येते. पण पोरगी तोंड पाडून घरी गेली तर बापाने कारण सांगावं, एवढं मला पुस्तकाशिवाय कळतं.

मला उत्तर लिहू नकोस. तिला लिही.

ताई

१७ जुलै

प्रिय वकीलसाहेब,

पायांची थाप होती. माफ कर. आता खरं कारण सांगतो.

दीक्षेच्या विधीत बिशप मंडळीकडे वळून विचारतात, या व्यक्तीच्या दीक्षेला कुणाची हरकत आहे का? बहुतेक लोक तेव्हा खाकरतात, किंवा फोन बंद केला ना हे बघतात. पण मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो की तो प्रश्न खरा आहे, आणि त्या क्षणी जो गप्प बसतो त्याने होकार दिला.

मी तिथे असतो तर दोनच गोष्टी झाल्या असत्या. गप्प बसलो असतो, तर आजवर शिकवलेलं सगळं खोटं पडलं असतं. उभा राहिलो असतो, तर भर चर्चमध्ये बापाने लेकीला अडवलं असतं. हे दुसरं मी करणार नव्हतो, कुणाहीसाठी. देवासाठीसुद्धा. हे लिहिताना मला भीती वाटते, पण खरं आहे. म्हणून त्या दिवशी घरात बसून राहिलो. लाज वाटत नाही. तुझी लाज वाटायला मी वेडा झालेलो नाही.

आता एक मागणं आहे.

माझ्या अहवालाच्या शेवटी एक परिच्छेद आहे, तो कुणी वाचत नाही. त्यात लिहिलं आहे की प्रभुभोजनाला पाळक लागतो, पण दफनविधीला लागतोच असं नाही. डीकन चालतो, कुणी नसेल तर मंडळीतला साधा माणूसही चालतो. म्हणजे तू चालतेस. माझ्याच मताप्रमाणे, कुठेही वाकडी वाट न करता.

माझा दफनविधी तू घे. दुसऱ्या कुणाला घेऊ देऊ नकोस. झगा घालायचा तर घाल, मी तेव्हा बघायला नसेन.

बाबा

२५ जुलै

बाबा,

तुमचं पत्र हॉस्पिटलमधून घरी येताना वाचलं. तिथे मी आता पाळक म्हणून खिडकीच्या पलीकडे असते, म्हणजे आजाऱ्यांजवळ. ते पत्र वाचून रस्त्यात थांबले, मागचा सायकलवाला अंगावर आला आणि शिव्या देऊन गेला.

हरकतीचं समजलं. इतके दिवस मनात जे घोळत होतं, ते त्याने गेलं. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण पुढचं? साध्या माणसाला चालतं, म्हणून मला चालतं? जिवंत असताना तुम्ही माझ्या हातची भाकर घेणार नाही, आणि मेल्यावर मी चालेन? मी तुमच्या नजरेत जी आहे ती फक्त मातीच्या कामाची?

असं मागणं लेकीकडे कुणी करतं का, बाबा?

मी

६ ऑगस्ट

बाळ,

हो. मेल्यावर चालशील. कारण तेवढंच माझ्या हातात आहे. सगळी पुस्तकं उलटीपालटी करून शोधलं, तेवढंच सापडलं. जास्त सापडलं असतं तर जास्त दिलं असतं.

बाबा

२ डिसेंबर

प्रिय आत्या,

मोडलेल्या पायामुळे तुला येता आलं नाही, आणि फोनवर आपण दोघी नुसत्या रडलो. म्हणून बसून सगळं लिहिते.

ऑगस्टनंतर मी बाबांना महिन्यातून दोनदा भेटत होते. त्या पत्रांबद्दल आम्ही बोललो नाही. जेवायचो, ते झोपायचे, मी कपाटं आवरायचे. पाय आता खरोखरच सुजायला लागले होते. हृदय थकलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बाबा म्हणायचे, "ताईला कळवू नकोस, ती म्हणेल देवाने थापेची शिक्षा दिली."

त्या सोमवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, निघून ये. दुपारी पोचले. बाबा पुढच्या खोलीत खुर्चीतच होते, आडवं झालं की श्वास कोंडायचा. मोजे निघेनात, म्हणून बाईंनी कात्रीने कापले होते. मला बघून म्हणाले, "पगारी रजा की बिनपगारी?"

हॉस्पिटलात जायचं नाही असं त्यांनी बाईंना आधीच बजावलं होतं. मी त्यांच्या पायाशी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "पेटी आणली आहेस?"

आजाऱ्याकडे जाताना पाळक नेतात ती छोटी पेटी. भाकर, द्राक्षारस, तेल. ती माझ्या बॅगेत असतेच.

"आणली आहे," मी म्हटलं. "देऊ, बाबा?"

बाबांनी बॅगेकडे बघितलं. मग म्हणाले, "मला भूक आहे गं."

आत्या, माझा हात बॅगेच्या चेनवर गेला.

"पण तुझ्या हातून नाही. आज घेतलं तर ते घाबरून घेतलेलं असेल. घाबरलेल्या माणसाचा होकार तुला चालेल?"

मला चालेल असं म्हणावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही चालणार," मी म्हटलं.

"मग दाढीला आण."

दाढी म्हणजे दाढीवाले काका, त्यांच्या कॉलेजपासूनचे मित्र, निवृत्त पाळक. इथले पाळक बिशपांकडे बैठकीला गेलेले. काका राहतात डोंगराच्या पलीकडे, आणि हात थरथरतात म्हणून त्यांनी गाडी कधीच सोडली आहे. मी डॉक्टरीणबाईंची गाडी घेतली. दारातून वळून बघितलं तर बाबा म्हणाले, "सावकाश चालव." हे त्यांचं शेवटचं बोलणं. तुला वाटेल मी काहीतरी मोठं सांगायला हवं होतं. पण तेवढंच आहे.

काकांना घेऊन परतले तेव्हा त्यांची शुद्ध गेली होती. बाई हात धरून बसल्या होत्या. काका जवळ गेले, हाक मारली, कानाशी वाकून कॉलेजातलं टोपणनावही घेऊन बघितलं. पापणी हलली नाही. "भाकर आता गिळता यायची नाही," काका म्हणाले. "तेल लावू या."

कपाळाला लावायचं तेल इवल्याशा बाटलीत असतं. काकांच्याने झाकण निघेना. बोटं सारखी घसरत होती. शेवटी त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली. डोळे भरलेले.

"तूच लाव गं. लेक आहेस, पाळक आहेस. त्याला आता काय कळणार?"

"मला कळेल, काका," मी म्हटलं.

झाकण काढून बाटली मी धरली. काकांनी बोट बुडवलं आणि थरथरत बाबांच्या कपाळावर क्रूस काढला. तेल जास्त झालं, भुवईवर ओघळलं. ते मी अंगठ्याने पुसलं. तेवढं मी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर, बाबा गेले. त्रास झाला नाही. श्वास लांबत लांबत गेला आणि पुढचा आलाच नाही.

बिशपांनी फोन करून सांगितलं की एवढ्या मोठ्या माणसाचा विधी आपण स्वतः घेऊ. मी म्हटलं, बाबांनी मला सांगितलं आहे. बिशप म्हणाले, "तुला? त्यांनी?" मी हो म्हटलं. ते आले आणि मागच्या बाकावर बसले. बाबांची कॉलेजातली कितीतरी पोरं आली होती, पिकलेल्या केसांची. अहवालावर बाबांच्या बाजूने सह्या करणारेही होते. मी झगा घालून बाहेर आले तेव्हा त्यांतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं, पण उठून कुणी गेलं नाही. "सरांची इच्छा" एवढं काकांनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

चर्चमध्ये वाचताना माझा आवाज एकदाही अडखळला नाही. मला स्वतःचाच राग यायला लागला, की मी अशी कोरडी कशी?

मग आम्ही कबरीपाशी गेलो. विधीच्या पुस्तकात तिथे एक वाक्य आहे, मृत माणसाला मातीच्या हवाली करण्याचं. त्यात मृताला "आमचा बंधू" म्हटलेलं आहे. हे वाक्य मी आजवर किती अनोळखी माणसांसाठी वाचलं असेल. त्या दिवशी त्या शब्दापाशी येऊन अडले. "माझे बाबा" म्हणावं असं वाटलं. पण छापील विधीतला शब्द मनाने बदलणाऱ्याला बाबा वर्गाबाहेर उभं करायचे.

पाळक एकमेकांना बंधू-भगिनी म्हणतात. बाबांनी मला त्या नावाने कधी हाक मारली नाही, मारूही शकले नसते. आणि ते जिवंत असताना मीही त्यांना तशी हाक मारली नसती. त्यांना ते खोटं वाटलं असतं, आणि त्यांच्या तोंडावर खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं असतं. आता मात्र ते पुस्तकात लिहिलेलं होतं, आणि वाचायला त्यांनीच मला उभं केलं होतं.

"आमचा बंधू," मी वाचलं, आणि आवाज गेला. सगळे थांबले. काका एक पाऊल पुढे आले, पुस्तक घ्यायला. मी मान हलवली. उरलेलं वाक्य पुरं केलं, वाकले, आणि मूठभर माती उचलली.

तुझी
भाची